दादाचं युरिक ॲसिड

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

दादा आज माझ्याकडे राहायला आला. टॅक्सीतून उतरताना डावा पाय हवेत, एक हात गार्डच्या खांद्यावर, दुसरा माझ्या. पायाचा अंगठा लालभडक, फुगलेला, कातडी नुसती चकाकत होती. अंगावरची चादरसुद्धा पायाला लागू देत नाही. लिफ्टमध्ये त्याने डोळे मिटून घेतले. एवढा मोठा माणूस, मंत्रालयातून डायरेक्टर म्हणून रिटायर झालेला, आणि एका अंगठ्याने पार लोळवलं.

दादाच्या मुलाचा, आर्यनचा टोरंटोहून फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणाले होते. मम्मी गेल्यापासून पप्पा एकटे पडलेत, थोडे दिन देख लोगी क्या आत्या, असं तो चाचरत विचारत होता. मी नाही म्हणेन अशी त्याची तयारी असावी. अक्षयाचीही तशीच असणार. ती लॅपटॉपवरून मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. मग मामा येणार म्हणून खूश झाली. तिला सगळं ठाऊक नाही.

त्याचं घर दिल्लीच्या द्वारकेतच, माझंही द्वारकेतच. तरी सहा वर्षांत मी त्याला एकदा जेवायला बोलावलं नाही. वैजयंती वहिनी गेली तेव्हा गेले होते, पाणी न पिता परत आले.

त्याच्या रक्ताचं सॅम्पल आमच्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आलं होतं, मशीनवर मीच लावलं. युरिक ॲसिड ९.२. पुरुषांना सातपर्यंत चालतं. बीपी वाढलेलं.

अक्षया दिल्लीत वाढली. छापील मराठी अडखळत वाचते, माझं हातचं अक्षर तिला लागतच नाही. म्हणून इथे खरं लिहायला हरकत नाही. माझ्या नवऱ्याला, धीरजला, दादाने मारलं. आता तो माझ्या घरात राहून माझ्या हातचं खाणार आहे.

२० नोव्हेंबर

दादाला डॉ. नीरजना दाखवलं. मी स्टाफची म्हणून त्यांनी मलाच बाजूला बसवून सगळं नीट सांगितलं. लोक युरिक ॲसिड म्हणजे अंगठ्याचं दुखणं समजतात. पण ज्यांचं ते चढलेलं असतं त्यांच्यात बीपी, किडनी आणि हृदयाचे आजार जास्त दिसतात. युरिक ॲसिडमुळेच हृदय बिघडतं की दोन्ही एकाच बिघाडाची पोरं आहेत, यावर अजून एकमत नाही. "धूर दिसतोय लुंबिनीजी, आग कुठे आहे त्यावर भांडण चालू आहे," असं म्हणाले. गाऊटचा असा अटॅक आला की पुढचे दोनेक महिने हृदयाला जास्तच जपायचं, तेवढ्या काळात हार्ट अटॅक, स्ट्रोकचं प्रमाण वाढलेलं आढळलंय.

मग काय वर्ज्य ते सांगितलं. काळीज, वजडी, पाया, लाल मटण, सुकट, बिअर, गोड कोल्ड्रिंक. डाळीला एवढं घाबरायचं कारण नाही. गोळी रोज घ्यायची.

मी आज्ञाधारक विद्यार्थिनीसारखी मान डोलावत होते. संध्याकाळी पालमच्या फाटकाजवळच्या दुकानातून अर्धा किलो काळीज आणलं.

दादा म्हणाला, बरेच दिवसांनी काळजाचा वास आला घरात.

२४ नोव्हेंबर, रविवार

एकदा लिहून काढते, म्हणजे मागे हटणार नाही.

जून २०१८चा रविवार. दादाला बढती मिळाली म्हणून त्याच्या घरी जेवण होतं. त्याच्या ऑफिसातले दोन मोठे साहेब बायकांसह आले होते. अक्षया सुट्टीत आजीकडे नांदेडला. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात. धीरज बैठकीतून उठून आत आला आणि बेडरूममध्ये आडवा झाला. घामाने शर्ट भिजलेला, छातीवर कुणी बसलंय म्हणाला. मी दादाला बोलावून आणलं, गाडी काढा म्हटलं. दादाच्या गाडीमागे साहेबांची गाडी लावलेली होती.

दादा खिडकीतून खाली त्या गाडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ॲसिडिटी असेल. जरा पडू दे. साहेब लोक जेवताहेत, त्यांना ताटावरून कसं उठवू?" आणि इनोचा ग्लास घेऊन आला. मग बैठकीत गेला आणि त्याचं हसणं मला ऐकू आलं. साहेबांनी काहीतरी विनोद केला असणार.

मी चार मजले उतरून उन्हात रिक्षा शोधायला धावले. रिक्षा घेऊन आले तेव्हा साहेब गोड खात होते आणि धीरज गेलेला होता.

लोकांना सांगितलं, वेळच मिळाला नाही. अक्षयालाही तेच. आई तेव्हा हयात होती, मला म्हणाली, तुझा बाप गेला तेव्हा दादानेच घर उभं केलं, त्याच्यावर बोट दाखवू नकोस. मी दाखवलं नाही. आई गेली. आता मला कुणी अडवणारं नाही.

१ डिसेंबर, रविवार

आयएनए मार्केटमधून सुकट आणली. खोबरं, लसूण घालून कोरडी केली, बरोबर ज्वारीची भाकरी. अंगठा उतरलाय. अक्षयाने फ्रिजमध्ये बिअरच्या बाटल्या पाहिल्या आणि मामा, पार्टी? म्हणून हसली. दादाने मागून घेऊन दुसऱ्यांदा सुकट वाढून घेतली.

मी काही जबरदस्ती करत नाही. ताट समोर ठेवते. तो खातो.

मटण खाऊन कुणी मेल्याचं आपण ऐकलं नाही हे मला कळतं. लॅबमध्ये इतकी वर्षं काढली आहेत. पण ९.२वाल्याला एक धक्का पुरतो. न पुरला तर निदान अंगठा आहेच. रात्ररात्र तळमळेल तेवढंही चालेल मला.

६ डिसेंबर

सकाळी बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, मग संसद मार्गावर जाऊन आले. मेट्रोचा सरकता जिना बंद होता. पायऱ्या चढताना मधेच थांबावं लागलं, श्वास पुरेना. ही दिल्लीची हवा एक दिवस सगळ्यांना मारणार.

परत आले तर दादा पांढरा सदरा घालून फोटोसमोर बसलेला. त्याला गर्दीत जाता येत नाही म्हणून घरीच वंदना म्हटली म्हणाला. जेवायला पाया होता. वाटी हातात घेऊन त्याने विचारलं, "लुंबे, या युरिक ॲसिडचा हार्टवर काही परिणाम होतो का गं?"

मी म्हटलं, "नाही दादा. पायाचंच दुखणं आहे ते."

माझ्याकडे बघत त्याने वाटी पुढे केली. मग म्हणाला, "बरं. अजून थोडा रस्सा वाढ."

खादाड माणूस. जन्मभर फाइलीतली ओळन् ओळ वाचणारा, आणि स्वतःच्या तब्येतीचं एक पान वाचायचा कंटाळा.

२२ डिसेंबर, रविवार

दुसरा अटॅक. या वेळी घोटाही धरला. पहाटे त्याच्या खोलीतून कण्हण्याचा आवाज येत होता. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. मला बरं वाटलं. खोटं का लिहू? गरम चहाच्या पहिल्या घोटासारखं बरं वाटलं.

मग बर्फ नेऊन दिला.

अक्षया चिडली. आई, मी वाचलंय, रेड मीट बंद करायला पाहिजे, तू लॅबमध्ये काम करतेस आणि तुला माहीत नाही का, वगैरे. तेवढ्यात दादा आतून म्हणाला, "तिला नको बोलूस बेटा. मीच मागून मागून करायला लावतो. तुझ्या आईच्या हाताला आमच्या आईची चव आहे."

त्याने असं कधी मागितलं मला आठवत नाही. पण बरं झालं. तिचं तोंड बंद झालं.

त्याच्या गोळ्यांचं पाकीट पाहिलं, जवळजवळ भरलेलंच आहे. म्हणजे ती गोळीही घेत नाही. मी त्याला आठवण करून दिली नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

काल मशीनचं सर्व्हिसिंग झालं. तपासून बघायला लॅबमधल्या सगळ्यांचं एकेक सॅम्पल लावलं. माझं युरिक ॲसिड ७.९ आलं. बायकांना सहाच्या वर नको. मशीन अजून वर दाखवतंय असं इंजिनीअरला लिहून कळवायला सांगितलं. बाकीच्या पोरींचे आकडे ठीक आले होते, पण त्या लहान आहेत.

डाव्या बाजूचा जबडा दुखतोय दोन दिवस. अक्कलदाढ असेल. या वयात. मटणाची पिशवी उचलून खांदाही धरलाय. वजडी साफ करायला ताकद लागते, आणि मग उरलेलं टाकवत नाही म्हणून आपणच खातो.

पाळी गेल्यापासून कधीही दरदरून घाम येतो. थंडीतसुद्धा.

१९ जानेवारी, रविवार

आज जेवताना अक्षयाने मामाला त्याच्या नोकरीबद्दल विचारलं. तो एरवी बोलत नाही, आज बोलला.

म्हणाला, नांदेडहून दिल्लीत आलो तेव्हा आपल्या वस्तीतला पहिला ऑफिसर होतो. ऑफिसात सगळे गोड बोलायचे. घरी या म्हटलं की हो हो जरूर म्हणायचे. कुणाच्या मुलाचं लग्न झालं की मला बोलावणं असायचं, पण माझ्या घरी कुणी जेवायला आलं नाही. सणाला तुझी मामी डबे भरून पाठवायची. एकदा पँट्रीत गेलो तर आपला डबा तसाच, झाकणसुद्धा उघडलेलं नाही, शिपायाला देऊन टाकायला ठेवलेला. तीस वर्षांत कुणी माझ्या ताटात जेवलं नाही.

अक्षयाने विचारलं, "कधीच नाही?"

"एकदा आले," दादा म्हणाला. आणि पाण्याचा ग्लास उचलून खाली ठेवला, प्याला नाही.

अक्षयाला काही कळलं नाही. मला कळलं तो कोणता दिवस. पण मला त्याची दया आली नाही. आली असती तर लिहिलं असतं. साहेब जेवावेत म्हणून माझा नवरा गेला, एवढाच त्याचा अर्थ होतो.

जेवण झाल्यावर त्याने स्वतः उठून, लंगडत, माझं ताट उचललं. बाईलवेडा म्हणून ज्याला हसायचे त्या धीरजशिवाय या घरात कुठल्या पुरुषाने ताट उचललं नव्हतं. मी त्याच्या हातातून काढून घेतलं.

२ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही. फार थकवा येतो. दादाचं युरिक ॲसिड ९.८.

२० फेब्रुवारी, हॉस्पिटल

अक्षयाने डायरी आणून दिली. म्हटलं, माझी निळी डायरी आण, त्यात लॅबचं काम आहे. तिने आणली.

शनिवारी सकाळी मी गॅससमोर उभी होते. पायाचा कुकर लावला होता. जबड्यातून खांद्यात एक कळ गेली आणि पोटात ढवळलं. रात्रीचं पचलं नसेल असं वाटून ओट्याला टेकले. खाली कधी बसले आठवत नाही. दादा दारात उभा दिसला. मी त्याला म्हटलं, "ॲसिडिटी आहे."

त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कुणी कानाखाली मारावी तसा.

पुढचं गार्ड बहादूरने अक्षयाला सांगितलं, तिने मला. दादा मला धरून, जवळजवळ ओढत, लिफ्टने खाली घेऊन आला. पाय सुजलेला असल्यामुळे चप्पल चढत नव्हती, अनवाणीच. ॲम्ब्युलन्सला वीस मिनिटं लागतील असं फोनवर म्हणाले. गेटवर पाण्याच्या जारचा टेम्पो उभा होता. दादा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि ओरडला. बहादूर म्हणतो, साहब को हमने कभी ऊँची आवाज़ में बोलते नहीं सुना था. ड्रायव्हर म्हणाला, माल उतरवतो आणि येतो. दादाने दोन जार स्वतः उचलून रस्त्यावर ठेवले आणि मला मागे चढवलं. जारांच्या मध्ये मी आडवी, माझं डोकं त्याच्या मांडीवर. सिग्नल लागला की तो टेम्पोच्या पत्र्यावर हाताने बडवायचा. एवढं मात्र मला आठवतं. तो आवाज.

डॉ. नीरज म्हणाले, एक नळी पूर्ण बंद होती. अजून उशीर झाला असता तर स्टेंट टाकायला कुणी उरलं नसतं. माझं युरिक ॲसिड ८.१ आलं. म्हणजे मशीन बरोबरच होतं. त्यांनी हेही सांगितलं की बायकांच्या बाबतीत युरिक ॲसिड आणि हृदयाचा हा संबंध काही अभ्यासांत पुरुषांपेक्षा ठळक दिसलाय. आणि बायकांना छातीतच दुखतं असं नाही. जबडा, घाम, धाप, मळमळ, नुसता थकवा. "तुम्हाला हे माहीत असायला हवं होतं," म्हणाले. रागावून नाही.

मी भिंतीकडे तोंड फिरवून रडले. त्यांना वाटलं घाबरून. मी रागाने रडत होते. माझा जीव वाचवायला जगात दुसरं कुणी मिळालं नाही?

२३ फेब्रुवारी

दादा रोज येतो. अनवाणी धावल्यामुळे पाय आता फारच बिघडलाय, व्हीलचेअरवरून वॉर्डात आणतात. आज अक्षया खाली कँटीनमध्ये गेली होती. आम्ही दोघंच.

मी विचारलं, "मला कशाला आणलंत?"

त्याने उलट विचारलं, "काळीज तू मुद्दाम करत होतीस ना?"

मी म्हटलं, "हो."

"मला वाटलंच."

"कधीपासून?"

"पहिल्याच आठवड्यात. आर्यनने मला काय खायचं नाही ते सगळं वाचायला पाठवलं होतं. वाचलं. मग मी विचारल्यावर तू म्हणालीस, पायाचंच दुखणं आहे. तेव्हा पक्कं कळलं."

"मग खात का राहिलात?"

तो पायाकडे बघत होता. "धीरज गेल्यापासून तू मला पहिल्यांदा वाढत होतीस, लुंबे. नको कसं म्हणू?"

मला वाटलं होतं तो जाब विचारेल. किंवा माफी मागेल. मागितली असती तर मी ती त्याच्या तोंडावर फेकणार होते, वाक्यं तयार होती. त्याने काहीच मागितलं नाही. माझा सूड हासुद्धा त्याने स्वतःच्या कामाला लावला. मी त्याला मारत होते आणि तो बसून शिक्षा भोगत होता, आणि त्याला ते बरं वाटत होतं. मग मी तीन महिने काय करत होते? स्वयंपाक?

मी म्हटलं, "मेलात तर सुटलात असं वाटतं का तुम्हाला?"

तो पाय उचलून नीट ठेवू लागला.

"अक्षयाला सांगा. तुमच्या तोंडाने. त्या दिवशी काय झालं ते."

हा घाव मात्र बसला. त्याचा हात व्हीलचेअरच्या दांड्यावर आवळला गेलेला मी पाहिला. मला वाटतं, बायको गेली, मुलगा परदेशात, अक्षया एवढंच त्याच्याकडे उरलं आहे.

"तू घरी आलीस की सांगतो," म्हणाला.

२ मार्च, रविवार, घर

सांगितलं.

बैठकीत, अक्षया समोर वेताच्या मोढ्यावर बसलेली. त्याने काही लपवलं नाही. गाडी, ताटं, इनोचा ग्लास. "तुझ्या आईने मला गाडी काढायला सांगितलं होतं. मी काढली नाही. साहेबांना उठवायला मला भीती वाटली. पहिल्यांदाच आले होते, परत येणार नाहीत असं वाटलं." तीस वर्षांचा, डब्याचा उल्लेखही केला नाही. केला असता तर पोरीचं मन थोडं वळलं असतं. तो ते न करता सरळ बोलला.

अक्षयाने एकच विचारलं. "पापा वाचले असते?"

"माहीत नाही," दादा म्हणाला. "वाचले असते असं धरूनच मी जगतो."

ती उठली. मला वाटलं होतं माझ्याकडे येईल, गळ्यात पडेल. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू मला सात साल झूठ बोललीस." मग मामाला म्हणाली, तुम्ही प्लीज इथून जा. आवाज चढवला नाही. तिचा बापही रागावला की असाच हळू बोलायचा.

दादाने सामान स्वतःच भरलं. बहादूर टॅक्सी घेऊन आला. मी बाल्कनीतून पाहिलं. टॅक्सीत बसताना त्याने पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला.

जे मला इतकी वर्षं हवं होतं ते झालं. त्याचं माणूस त्याच्यापासून तुटलं. मी आत येऊन झोपले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाही.

९ मार्च

आर्यनचा फोन. पप्पा फोन उचलत नाहीत, उचलला तर बरा आहे म्हणतात. कामवालीने सांगितलं की साहेब दोन वेळा चहाबिस्किटच खातात आणि गोळ्यांचं पाकीट टेबलावर तसंच पडून असतं.

म्हणजे तो अजून तेच करतोय. माझ्याशिवाय. आता हे त्याचं त्याचं चाललंय.

मला इतका संताप आला की डॉक्टरांनी न चिडायला सांगितलंय तेही विसरले. असा कसा मरेल? मला विचारल्याशिवाय? कुणाची परवानगी घेतली? धीरज बावन्नाव्या वर्षी गेला. त्याचं न जगलेलं आयुष्य कुणीतरी जगून दाखवायला पाहिजे. बसू दे नव्वदीपर्यंत आठवत. मी त्याला मरू देणार नाही. एवढं सोपं नाही ते.

दुधी आणला. माझ्यासाठीही तेच पथ्य आहे, वेगळा स्वयंपाक नाही. बिनतेलाचा, मीठ चवीपुरतंही नाही. डबा भरून रिक्षाने त्याच्याकडे गेले. दार उघडल्यावर तो बाजूला झाला. मी त्या घरात परत पाऊल टाकेन असं मला वाटलं नव्हतं. बेडरूमकडे पाहिलं नाही.

गोळी हातावर ठेवली, पाणी दिलं, गिळेपर्यंत उभी राहिले. तोंड उघडून दाखवा म्हटलं. सहासष्ट वर्षांच्या माणसाने तोंड उघडून दाखवलं.

दुधी खाऊन म्हणाला, "यापेक्षा काळीज बरं होतं."

मी म्हटलं, "उद्या तोंडली आहेत."

३० मार्च

रोज जाते. डॉ. नीरजनी मला चालायला सांगितलंय, म्हणून अर्धं अंतर चालत. त्यालाही खाली बागेत दोन फेऱ्या मारायला लावते. थांबला की थांबू देत नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, भावाला किती जपता तुम्ही. मी म्हटलं, हो.

युरिक ॲसिड ७.१. बीपीची गोळीही सुरू. किडनीचे आकडे खाली आले. तो कुरकुरतो, मला समाधान होतं. पहिल्यांदा काळीज वाढताना जसं झालं होतं तसंच आहे हे समाधान, फरक मला सांगता येत नाही.

अक्षया माझ्याशी बोलते, कामापुरतं. रोज डबा कुठे जातो हे तिला दिसतं. विचारत नाही.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी दादाला सांगितलं, दुपारी माझ्याकडे जेवायला यायचं. तो म्हणाला, अक्षया घरी असेल. मी म्हटलं, म्हणूनच.

समोरासमोर बसवलं दोघांना. तिने जेवणभर त्याच्याकडे पाहिलं नाही. तो ताटात मान घालून जेवला. मी खीरही केली होती, साखर बेताची, तीसुद्धा कुणाला गोड लागली नसावी. आता हे दर रविवारी करायचं असं मी ठरवलं आहे. तो आला पाहिजे आणि तिच्यासमोर बसला पाहिजे. ही शिक्षा खरी. काळजावजडीने काही होत नव्हतं.

४ मे, रविवार

तिसरा रविवार.

युरिक ॲसिड ५.८ आलं. डॉ. नीरज खूश आहेत, असंच ठेवा म्हणाले. दादा काठी न घेता चालत आला. बाहेर लूच्या झळा सुटल्या आहेत, डोक्यावर ओला रुमाल.

भाकरी, दोडका, मुगाची डाळ. दादाला घास लागला, ठसका आला आणि थांबेना. मी उठायच्या आत अक्षयाने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. "मामा, आराम से," म्हणाली.

दोन शब्द, तेही हिंदीत. दादाने तांब्या दोन्ही हातांनी धरला. पाणी पीत होता आणि तोंड तांब्याआड लपवत होता.

मला राग आला. इतक्या लवकर? तिला ऐकून दोनच महिने झालेत. मी सात वर्षं सांभाळलं ते, आणि हिने एका ठसक्यावर सोडून दिलं. मी अजून तयार नव्हते. कुणी मला विचारलंसुद्धा नाही.

दादाने तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, मी काही म्हणेन म्हणून.

मी म्हटलं, "डाळ संपवा."